बत्तीस नंबरचा रिकामा धोटा

तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या सख्ख्या बायकोचाही चाळीस वर्षं बसला नाही, आणि ती तर सगळं घडताना गेटवर माझ्या शेजारीच उभी होती. पण युनियनच्या या ऑफिसात वीज गेलीय, पंखा लटकलाय, आणि तुम्ही नवे लोक चार वाजायची वाट बघत जांभया देताय. मग ऐकाच.

फौजदाराला फोन गेला तो भर दुपारी. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. फोन कारखान्याच्या वॉचमनने केला.

"साहेब, माग चालतोय."

"विणकामाच्या कारखान्यात माग नाही चालणार तर काय चालणार?"

"कारखाना बंद आहे साहेब. आठ दिवस टाळं आहे. आत चिटपाखरू नाही."

"कोणता माग?"

"बत्तीस नंबर. दादांचा."

हा फौजदार त्या गावात नवा होता. कुणी धावत आलं की म्हणायचा, सावकाश. कुणी रडलं तरी सावकाश, कुणी शिव्या दिल्या तरी सावकाश. त्यामुळे लोकांनी त्याचं नावच सावकाश ठेवलं होतं. चालायचाही तसाच. पण त्या दिवशी सायकल हाणत आला.

गेटवर आम्ही दीडशे माणसं उभी. कुणी बोलत नव्हतं. आतून आवाज येत होता. खट-खटाक, खट-खटाक. एकच माग, सव्वाशेंमधला. आणि फौजदाराने गेटला हात लावला मात्र, आवाज बंद पडला.

आता ही शांतता काय चीज असते ते तुम्हाला कळायचं नाही. सव्वाशे माग एका छपराखाली चालतात तेव्हा छातीतलं काळीजही त्यांच्या तालावर धडधडतं. माणूस त्यात वीस-वीस वर्षं काढतो. मग एके दिवशी टाळं लागतं. घरात भांडं पडलं तरी आम्ही दचकायचो. जेवताना बायकोशी ओरडून बोलायचो. आणि अशा त्या शांततेत, रोज दुपारी तीनला, आत एकच माग सुरू व्हायचा. पाव तास चालायचा. थांबायचा. चौथ्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकांना सांगितलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, आपल्याच कानात वाजतंय.

"टाळेबंदी कशावरून?" सावकाशने वॉचमनला विचारलं.

"दोनाचे चार, साहेब."

म्हणजे असं. आमच्यात एक विणकर दोन माग सांभाळायचा, आणि त्या जोडीला मिळून एकच नंबर असायचा, एक ते चौसष्ट. मालकाचं म्हणणं, चार सांभाळा. मालक राहायचा दूर, फोनवरूनच कारखाना चालवायचा. एकाने चार सांभाळले की अर्धी माणसं घरी. उरलेल्यांचे पाय संध्याकाळपर्यंत लाकडाचे. युनियनचे सरचिटणीस म्हणजे आमचे दादा. बत्तीस नंबरवर काम करायचे. त्यांनी सांगितलं, दोनाचे तीनही होणार नाहीत.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला दादांना वर बोलावलं. शेडच्या एका टोकाला उंचावर काचेची केबिन होती. मॅनेजर तिथून सगळी शेड बघायचा. केबिनला दोन दारं. एक लोखंडी जिन्याने शेडमध्ये उतरणारं, दुसरं मागे ऑफिसात. दादा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जिना चढले.

उतरताना कुणीच पाहिलं नाही.

संध्याकाळी भोंगा झाला, आम्ही बाहेर पडलो आणि मागे गेटला टाळं लागलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने गेटवर येऊन सांगितलं, "तुमच्या सरचिटणीसांनी चार माग कबूल केले. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून ऑफिसच्या मागच्या दाराने निघून गेले. कुठे गेले, मला माहीत नाही."

आठ दिवसांत दादांच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने लिहून ठेवलं होतं, विकला गेला. वहिनी रोज पुसायच्या. रोज नवं लिहिलेलं असायचं.

वहिनी म्हणजे दादांची बायको. या काय, खिडकीशी बसल्यात. एकतीस नंबर यांचा. माझा तेहतीस. मध्ये दादा. आमच्या शेडमध्ये माणसाला मागाच्याच नंबराने हाक मारायचे, म्हणून वहिनी अजून मला तेहतीस म्हणतात.

आणि फौजदार आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी चार वाजता करारावर सही व्हायची होती. दादा नाहीत म्हणून सही करणार होता उपचिटणीस. तो दादांचा सख्खा धाकटा भाऊ, वहिनींचा दीर. आम्ही त्याला धाकटाच म्हणायचो. भाऊ आपल्याला न सांगता पळाला या धक्क्याने तो अर्धा झाला होता. म्हणायचा, दादाच झुकला तर मी कुणाच्या जिवावर ताठ राहू?

तर सावकाश शेडपाशी गेला. दाराला तीन कुलपं. कुलपांवर कामगार कार्यालयाच्या लाखेच्या मोहरा, कारण मागांवरच्या कापडावरून वाद होता. तिन्ही मोहरा शाबूत. त्याने माणूस पाठवून परवानगी आणली, मोहरा तोडल्या आणि वॉचमनला घेऊन आत शिरला. पंच म्हणून आमच्यातले दोघं सोबत घेतले. एक मी.

आत पाय टाकला आणि मी दारातच थबकलो. फरशीवर सगळीकडे सुताच्या तुसाची पांढरी गादी पसरली होती. आठ दिवस झाडू नाही. त्या गादीवर दारापासून बत्तीस नंबरपर्यंत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

सावकाशने बत्तीस नंबरच्या मोटारीवर हात ठेवला.

"गरम आहे," तो म्हणाला.

वॉचमन दोन पावलं मागे सरला. मी चार.

"कापड वाढलंय का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "सूत नाहीच. आडवा धागा वाहून नेणारा धोटा रिकामा आहे."

"रिकाम्या धोट्याने माग चालतो?"

"चालत नाही. आडवा धागा तुटला की हा काटा पडतो आणि माग आपोआप थांबतो." मी वाकून पाहिलं. काटा पडलाच नव्हता. सुताच्या तुकड्याने वर बांधून ठेवला होता. चिमटीएवढी गाठ, मागे-पुढे शेपूट नसलेली. आमच्यातला प्रत्येक जण दिवसातून दोनशेदा मारतो तीच.

"ही गाठ कुणाला येते?"

"विणकराला. दुसऱ्याने मारली तर तिचा गोळा होतो."

सावकाश उकिडवा बसला. फरशीत ठिकठिकाणी लोखंडी जाळ्या होत्या. "हे काय?"

"ओल्या हवेच्या जाळ्या. कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून खालून ओलावा सोडतात."

सगळ्या जाळ्यांवर तुसाची जाड साय चढली होती. बत्तीस नंबरजवळची एक तेवढी स्वच्छ होती. सावकाशने ती पाहिली. मीही पाहिली, पण मला वाटलं, भुताचा श्वास लागला असेल.

"विजेचं मेन बटण कुठे आहे?"

"पंख्याच्या खोलीत," वॉचमन म्हणाला. "ऑफिसच्या मागे. किल्ली ऑफिसात खिळ्याला असते. आतला कुणीही घेईल."

"रोज तीन वाजता ऑफिसात कोण असतं?"

वॉचमनने आधी आमच्याकडे पाहिलं.

"सावकाश सांग. पण सांग."

"मॅनेजरसाहेब. आणि... धाकटा. कराराच्या बोलणीसाठी रोज तीनला येतो. बाहेरच्या बाकावर बसतो."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सोबतचा माझा दोस्त भडक डोक्याचा. अर्ध्या तासात ही बातमी गेटवर पोहोचली.

मॅनेजर काचेच्या केबिनमध्येच भेटला. पांढराशुभ्र सदरा, हातावर एक डाग नाही. खाली शेड अशी दिसत होती, जशी जमिनीतून उकरून काढलेली हाडं.

"तुम्ही कधी मागावर काम केलंय?" सावकाशने विचारलं.

मॅनेजर हसला. "मी कागदावरचा माणूस आहे, फौजदार. मागाला आजवर बोट लावलेलं नाही. कोणता आवाज कशाचा, हेही मला धड कळत नाही."

"सरचिटणीस इथे आले तेव्हा कोण कोण होतं?"

"मी होतो. बोलणं झालं, मी फोन घ्यायला ऑफिसात गेलो. परत आलो तर त्यांच्याजवळ त्यांचा धाकटा भाऊ उभा होता. दोघांचं काहीतरी चाललं होतं. घरचं असेल म्हणून मी पुन्हा बाहेर गेलो. नंतर पाहिलं तर दोघंही नव्हते."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"भावाभावात मी कशाला पडू?"

"आणि रोज तीनला तुम्ही काय करता?"

"मालकांशी फोनवर बोलतो. दार लावून. धाकटा बाहेर बसलेला असतो, त्याला विचारा."

तेवढ्यात फोन वाजला. मालकच. मॅनेजर उठून कोपऱ्यात गेला, तोंडावर तळहाताची ढाल धरली आणि बोलू लागला. सावकाश चार पावलांवर बसला होता. त्याला शब्दन् शब्द ऐकू आला.

"हो. उद्या चारला धाकटा सही करेल. नाही, फौजदाराला काही सापडलेलं नाही. सही झाली की शेडची फरशी पूर्ण नवी घालून घेऊ. सिमेंट मागवलंय."

फोन ठेवून मॅनेजर पुन्हा हसत समोर बसला. आपण गुपचूप बोललो अशी त्याची खात्री होती.

धाकट्याची चौकशी ऑफिसच्या बाकावरच झाली.

"शेवटच्या दिवशी तीन वाजता तू कुठे होतास?"

"माझ्या मागाचा पट्टा तुटला होता. स्टोअरमध्ये गेलो होतो."

"कुणी पाहिलं?"

"स्टोअरवाला जागेवर नव्हता. मीच शोधून घेतला."

"केबिनमध्ये गेलास?"

"नाही."

"मॅनेजर म्हणतात, गेलास."

धाकट्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता थकवा. "साहेब, मला अडकवायचं तर अडकवा. पण दादा कुठे आहे तेवढं आधी सांगा."

"रोज तीनला तू इथे बसतोस. आत माग चालतो, तुला ऐकू येत नाही?"

"येतो ना. वाटतं, दादा बोलावतोय. आणि उठायचं धाडस होत नाही."

गेटवर तोवर लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. भावाने भावाला गिळलं. कुणी म्हणालं, हात तोडा. कुणी म्हणालं, सही होऊ दे, मग तोडा. आमच्याकडे रागालाही सोय बघायची सवय आहे.

सावकाश वहिनींकडे गेला. त्या दारात बसून भिंत पुसत होत्या.

"तुमचा माग बत्तीसच्या शेजारी. केबिन तिथून समोर दिसते. त्या दिवशी काय पाहिलंत?"

"काही नाही."

"बाई, उद्या चारला सही आहे. त्यानंतर फरशी नवी होणार आहे."

वहिनींचा हात थांबला. "फरशी?"

"सिमेंट येतंय."

त्यांनी ओलं फडकं दाराशी टाकलं. मग म्हणाल्या, "तो माग जो चालवतो ना साहेब, तो विणत नाहीये. भरलेला धोटा जड पडतो, हा हलका पडतोय. मी गेटवरून ऐकते. आमचे हे असते तर रिकामा धोटा फेकलाच नसता. त्यांनी जिवंतपणी कधी केलं नाही, मेल्यावर कशाला करतील?"

"म्हणजे ज्याला नुसता आवाज हवाय असा कुणीतरी. काय लपवायला?"

"ते तुम्ही शोधा."

"आणि तुम्ही काय लपवताय?"

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी ओठ हलवले. आवाज नाही. सावकाशला वाटलं, बाईची वाचा गेली.

"मी काय म्हणाले?" वहिनींनी विचारलं.

"कळलं नाही."

"मी म्हणाले, तुमच्या सदऱ्याचं तिसरं बटण तुटलंय. आता तुम्ही काहीतरी म्हणा. आवाज न करता."

सावकाशने ओठ हलवले.

"सकाळपासून पोटात काही नाही म्हणताय. आधी सांगायचं ना." वहिनी उठल्या, पाणी आणि भाकरी समोर ठेवली. "त्या गोंगाटात कान कामाचे नाहीत साहेब. आम्ही ओठ वाचतो. शंभर पावलांवरून वाचतो. शेडमधलं प्रत्येक लग्न, प्रत्येक भांडण असंच ठरलंय. आणि ती केबिन काचेची आहे. आधीचे मॅनेजर दार लावून बोलायचे, आम्ही खालून सगळं वाचायचो. गुपित सांगायचं असलं की आम्ही विणकर तोंडावर हात धरतो. आवाजाचं कुणाला भय?"

सावकाश खाता खाता थांबला. घास तसाच हातात राहिला.

"त्या दिवशी तुमचे यजमान काय म्हणाले?"

"यांचा चेहरा काचेकडे होता. समोरचा पाठमोरा. नुसते खांदे दिसत होते." वहिनींचा आवाज खाली गेला. "हे म्हणाले, नाही. पुन्हा म्हणाले, नाही. मग थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, तू तर आमच्यातलाच ना रे? एवढंच. मग माझा धागा तुटला, मी खाली वाकले. वर पाहिलं तर काच रिकामी."

"हे आठ दिवस कुणाला बोलला नाहीत?"

"आमच्यातला म्हणजे कोण, साहेब? त्या वेळी जागेवर नसलेला एकच माणूस होता." त्या पदराने डोळे न पुसता नुसत्या बघत राहिल्या. "तो या घरात माझ्या हातचं जेवून मोठा झालाय. मी बोलले तर तो फासावर. नाही बोलले तर माझा नवरा विकला गेलेला. यातलं काय निवडू, तुम्हीच सांगा."

"सावकाश," फौजदार म्हणाला. आणि पहिल्यांदाच तो शब्द त्याने स्वतःला म्हटल्यासारखा वाटला. "उद्या तीनला माझ्यासाठी एक वाक्य म्हणाल? आवाज न करता?"

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता शेड उघडली. सावकाशने जाहीर केलं, त्या दिवशी किती गोंगाट होता हे मला बघायचंय. सगळे विणकर आपापल्या जागी उभे केले. मॅनेजरला म्हणाला, "तुम्ही वर केबिनमध्ये, काचेपाशी उभे राहा. बरोबर तसेच." धाकट्याला मात्र खाली दोन शिपायांच्या मध्ये ठेवला.

भोंगा झाला. माग सुरू झाले.

नऊ दिवसांनी तो आवाज अंगावर कोसळला. काहींच्या डोळ्यांना पाणी आलं. तुसं उडाली, पांढरं धुकं झालं. आमच्या रांगेत फक्त बत्तीस नंबर बंद होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वहिनी आणि मी.

वर मॅनेजर काचेपाशी, हात मागे बांधून, आमच्याकडे बघत होता.

तीन वाजले. सावकाशने वहिनींना मान हलवून खूण केली. वहिनींनी तोंड वर केलं. शेडभर गोंगाट, त्यांच्या घशातून आवाज नाही. नुसते ओठ.

साहेब, तुमच्या मागे हे उभे आहेत.

मॅनेजर गर्रकन मागे वळला.

मागे कुणी नव्हतं. तो पुन्हा काचेकडे फिरला तेव्हा शेडभरचे विणकर मान वर करून त्याच्याचकडे बघत होते. ते वाक्य आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. आणि ज्याने मागाला आजवर बोट लावलं नव्हतं, त्यानेही.

सावकाशने माग थांबवायला सांगितले. एकेक करून ते थांबले. मग जी शांतता पडली तिच्यात त्याची पावलं लोखंडी जिन्यावर वाजली.

"कागदावरचा माणूस ना तुम्ही?" तो म्हणाला. "मग ऐंशी पावलांवरून बाईंनी न बोललेलं तुम्हाला ऐकू कसं आलं?"

मॅनेजर काचेपासून बाजूला सरकला.

"काल मालकांशी बोलताना तुम्ही तोंडावर हात धरलात. आवाज मात्र खाली आणला नाही. ऑफिसातला माणूस गुपित सांगताना कुजबुजतो. तोंड झाकून मोठ्याने बोलतो तो मागावर वाढलेला. मला तेव्हा ते विचित्र वाटलं. अर्थ मला बाईंनी सांगितला. सरचिटणीसांना सांगायची गरज नव्हती. तुम्ही त्यांच्यासमोर असाच फोन घेतलात, हो की नाही?"

"हो," मॅनेजर म्हणाला. एवढाच शब्द.

"म्हणून ते म्हणाले, तू तर आमच्यातलाच. ते वाक्य धाकट्यासाठी नव्हतं. भाऊ आपल्यातला आहे हे कुणी भावाला विचारत नाही. तुम्ही पाठमोरे का उभे होता? खाली ओठ वाचतात हे तुम्हाला माहीत होतं म्हणून. धाकट्याला काही लपवायचं असतं तर तोही पाठमोरा राहिला असता, खरंय. पण रोज तीन वाजता धाकटा बाकावर होता आणि बंद दाराआड तुम्ही. तुम्हीच त्याला ती वेळ दिली होती. संशयाला कुणीतरी बसवून ठेवायचा म्हणून."

"पण साहेब, मोहरा शाबूत होत्या," खालून वॉचमन ओरडला. "फरशीवर पाऊल नव्हतं!"

"दाराने कोण आलं होतं? जाळ्यांतून ओली हवा वर येते, म्हणजे खाली बोगदा आहे. तो पंख्याच्या खोलीत उघडतो. मेन बटणही तिथेच. मॅनेजर तिथून शिरले, बत्तीसजवळची जाळी उचलून वर हात घातला, काटा बांधला, माग सुरू केला. तीच एक जाळी स्वच्छ होती. बत्तीस नंबर भुताने निवडला नाही. जाळीला तोच जवळ होता." सावकाश मॅनेजरकडे वळला. "गाठ मारताना बोटं चुकली नाहीत तुमची. एवढ्या वर्षांनी."

मॅनेजरने आपल्या हातांकडे पाहिलं. "ती चुकत नाहीत," तो म्हणाला.

"आवाज कशासाठी हवा होता?"

"खाली बोगद्यात भिंत घालत होतो. वीट फोडताना, लावताना ठोकावं लागतं." तो आता आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता, तोंड न झाकता. "दुसऱ्या गावी मी बारा वर्षं मागावर होतो. संपात होतो. तो संप मीच मोडून दिला, आणि त्याच्या मोबदल्यात मला खुर्ची मिळाली. तुमच्या दादाने ते ओळखलं. म्हणाला, जिन्यावर उभा राहून आत्ता सगळ्यांना सांगतो. मी त्याला मागे ओढला. ऑफिसच्या बाजूने पायऱ्या आहेत. तो डोक्यावर पडला." त्याने काचेवर कपाळ टेकवलं. "मला परत त्या गोंगाटात उभं राहायचं नव्हतं. बस, एवढंच."

धाकट्याच्या बाजूचे शिपाई आपोआप बाजूला झाले. तो वहिनींकडे बघत होता, आणि वहिनी त्याच्याकडे बघू शकत नव्हत्या. त्याला कळलं, आठ दिवस वहिनींच्या मनात काय होतं ते. तो जवळ आला, वाकला, त्यांच्या पायांना हात लावला आणि सावकाशच्या मागे बोगद्यात उतरला.

आम्ही दहा जण गेलो. खाली वाकून चालावं लागतं. भिंतींना पाणी सुटलेलं. पंचवीस पावलांवर एका कोनाड्याला नवी भिंत, ओल्या सिमेंटची, वरची एकच ओळ बाकी. धाकट्याने पहार घेतली. तीन घाव, आणि विटा आत कोसळल्या.

आणि काय सांगू तुम्हाला! आत दादा बसलेले. भिंतीला टेकून, पांढरेफटक, सिमेंटने माखलेले, पण जिवंत. नऊ दिवस भिंतीचं पाणी चाटून काढले होते गड्याने. डोक्याला खोक, पण डोळे टक्क उघडे. माझ्याकडे बघून म्हणाले, "तेहतीस, माझ्या मागाचा काटा कुणी बांधला रे?" आम्ही त्यांना खांद्यावर घेऊन बाहेर आलो. करार तिथल्या तिथे फाडला. दोनाचे दोनच राहिले. घराची भिंत पुसायला दीडशे माणसं गेली, आणि त्यानंतर अकरा वर्षं दादांनी त्याच बत्तीस नंबरवर काम केलं, माझ्या शेजारी. मी रोज बघत होतो ना!

असं तोंड वाकडं करू नका. तुमचा विश्वास बसणार नाही हे मी आधीच सांगितलं होतं.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. आता ती शेड ओस पडलीय. वीज तोडलीय, मोटारी कधीच्या काढून नेल्या, बोगदा बुजवलाय. मॅनेजर तुरुंगातच मेला. म्हणजे चालवायला कुणीच उरलं नाही. तरी दुपारी तीनला जा, मागच्या भिंतीला कान लावा. बत्तीस नंबर चालतो. शपथेवर सांगतो, त्या दिवसापासून एक दिवस चुकलेला नाही. आणि आता धोटा रिकामा नसतो. भरलेला पडतो. जड. त्या अख्ख्या गावात असा धोटा टाकणारा एकच विणकर होता.

"खोटं," वहिनी खिडकीतून म्हणाल्या.

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही स्वतः ऐकलाय तो आवाज. माझ्याबरोबर."

"तो खरा आहे. त्याला कोण खोटं म्हणतंय?" त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "पण तेहतीस, हे त्या दिवशी तुमच्या खांद्यावरून जिवंत घरी आले असते, तर त्या दिवसापासून रोज तीनला मागावर कोण उभं राहतंय?"